मेधा, वीज आणि लोणावळ्याचा प्राणायाम

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्याला अजूनही सारे नगर रस्ताच म्हणतात. वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर ही गावे ओलांडत तो रांजणगावच्या महागणपतीपाशी पोहोचतो. अष्टविनायकांपैकी हे एक स्थान. गणपती ही बुद्धीची देवता, आणि घरोघर म्हटल्या जाणाऱ्या अथर्वशीर्षाच्या फलश्रुतीत लाह्यांनी यजन करणाऱ्याला यश आणि मेधा लाभेल असे आश्वासन आहे. यातील ‘मेधा’ हा शब्द साहित्याच्या अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. मेधा म्हणजे नुसती बुद्धी नव्हे. घेतलेले धरून ठेवणारी बुद्धी, असा अमरकोशातील अर्थ आहे. चरकाने धी, धृती आणि स्मृती अशी आणखी वेगळी विभागणी केली आणि या तिघी ढळल्या की माणसाच्या हातून ‘प्रज्ञापराध’ घडतो असे सांगितले. आपण आज ‘डोकं’ या एकाच शब्दात जे कोंबतो, त्यासाठी पूर्वीच्यांपाशी निदान अर्धा डझन खण होते. पुढील विवेचनात हे खण उपयोगी पडतील.

आजारी माणसाची बुद्धी पूर्ववत व्हावी ही एक इच्छा. धडधाकट माणसाची बुद्धी आहे त्याहून वाढावी, आणि तीही बाहेरून काहीतरी करून वाढावी, ही वेगळी इच्छा. दुसरीचे सर्वांत नवे रूप म्हणजे कवटी न उघडता टाळूवरून मेंदूला दिलेला सौम्य विद्युत्प्रवाह किंवा चुंबकीय स्पंद. याविषयी मराठीत जे तुरळक लिहिले जाते ते बहुधा परदेशी बातमीचे भाषांतर असते, आणि त्यामुळे ही कल्पना काल-परवा कुठल्याशा प्रयोगशाळेत जन्मली असा समज होतो. प्रत्यक्षात तिचे पूर्वज आपल्या घरात, आपल्या संतचरित्रांत आणि आपल्याच पुणे जिल्ह्यातील एका आश्रमात सापडतात.

घरापासून सुरुवात करू. तान्ह्या मुलाची टाळू तेलाने भरण्याची रीत महाराष्ट्रातील बहुतेक घरांना ठाऊक आहे. टाळूचे हाड जुळून येईपर्यंत आतला मेंदू जणू उघडाच असतो आणि वरून दिलेले पोषण थेट त्याला पोहोचते, अशी त्यामागची समजूत. मूल मोठे झाले, टाळू मिटली, तरी समजूत मिटत नाही. मग माक्याचे, ब्राह्मीचे तेल डोक्यावर थापले जाते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मंडूकपर्णीचा रस, दुधातून ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क अशी चार ‘मेध्य रसायने’ सांगितली आहेत. ती पोटात घ्यायची आहेत, डोक्यावर चोळायची नाहीत, हे लोकाचाराने सोयिस्करपणे विसरले. मंडूकपर्णी आणि ब्राह्मी यांची गल्लतही जुनीच. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून जी गोल पानांची वेल दाखवली जाते ती बहुधा मंडूकपर्णी असते, आणि शास्त्रज्ञ जिला ब्राह्मी म्हणून अभ्यासतात ती लहान जाड पानांची नीरब्राह्मी असते. पनवेलला १८७२ मध्ये सुरू झालेल्या धूतपापेश्वरासारख्या कारखान्यांनी ही औषधे बाटल्यांत भरली आणि सारस्वतारिष्टासारखी नावे मध्यमवर्गाच्या कपाटात जाऊन बसली. नावातच सरस्वती असल्यावर परीक्षेच्या मोसमात आणखी काय हवे?

येथे अक्कलकाऱ्याची आठवण अपरिहार्य आहे. या मुळीचे नाव अरबी ‘आकिरकर्हा’वरून आले, अकलेशी तिचा व्युत्पत्तीने काहीही संबंध नाही. पण मराठी कानाने त्यात अक्कल ऐकली, आणि मुळी चघळली की जिभेला झिणझिण्या येतात, त्यामुळे आत काहीतरी जागे होते आहे अशी खात्रीही पटली. नाव आणि झिणझिणी या दोन साक्षीदारांवर औषधाची कीर्ती उभी राहते. या झिणझिणीकडे पुन्हा वळावे लागणार आहे.

तेल आणि मुळी यांच्यापेक्षा थेट मार्ग म्हणजे स्पर्श. डोक्यावर हात ठेवताच ज्ञान संक्रमित होते ही कल्पना गुरुपरंपरेच्या साहित्यात सर्वत्र आहे. तिची मराठीतील सर्वांत प्रसिद्ध कथा पैठणची. संन्याशाची मुले म्हणून शुद्धिपत्रासाठी ब्रह्मसभेपुढे उभ्या असलेल्या ज्ञानदेवांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि रेडा वेद बोलू लागला. महिपतींनी अठराव्या शतकात ‘भक्तविजया’त ही कथा सांगून घराघरांत पोहोचवली. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे येथे दाखवतात, आणि तिथे भाविकांची रीघ असते.

या कथेचे वाचन आपण सहसा चमत्कार म्हणून करतो किंवा चमत्कार म्हणून नाकारतो. दोन्ही वाचनांत तिचा डंख निसटतो. दशग्रंथी होण्यासाठी त्या काळी बारा-बारा वर्षे पाठांतर करावे लागे. पद, क्रम, जटा, घन अशा उलटसुलट आवर्तनांतून शब्दाचा एकही कण गळणार नाही अशी मेधा घडवली जाई, आणि त्या मेधेवर सामाजिक श्रेष्ठत्वाचा दावा उभा असे. रेड्याच्या तोंडून तीच ऋचा स्वरासह बाहेर पडते तेव्हा रेडा पंडित ठरत नाही; पठण म्हणजेच पांडित्य हे समीकरण कोसळते. कथाकाराने स्मरणशक्ती वाढवून दाखवली ती स्मरणशक्तीची किंमत उतरवण्यासाठी. बुद्धिवर्धनाच्या साऱ्या इतिहासात इतका तिरकस दृष्टान्त दुसरा मला माहीत नाही. गेल्या दशकात ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या नावाखाली मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे वर्ग देशभर निघाले आणि नरेंद्र नायक यांच्यासारख्या विवेकवादी कार्यकर्त्यांना मुले पट्टीच्या फटीतून पाहतात हे दाखवत फिरावे लागले. तेव्हा खरे तर दुसराही प्रश्न विचारायला हवा होता: पट्टी बांधून वाचता आले असते, तरी त्याने मुलाच्या समजुतीत कोणती भर पडली असती?

आता लोणावळा. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. बडोद्याला माणिकराव यांच्याकडे व्यायामविद्या, माळसरच्या माधवदासांकडे योग आणि अंमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयात अध्यापन असा त्यांचा प्रवास. टिळकयुगातील राष्ट्रवादी संस्कार आणि क्ष-किरणांवरील विश्वास एकाच माणसात नांदत होते. नौली करताना पोटात निर्माण होणारा ऋण दाब त्यांनी मोजला आणि त्याला गुरूंचे नाव देऊन ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटले. श्रद्धेची आणि उपकरणाची अशी सांगड घालणारे नाव त्या काळाखेरीज दुसऱ्या काळात सुचले नसते. योग मोजला पाहिजे, मोजल्यावर तो खराच ठरेल, अशी त्यांची धारणा होती. या विधानाच्या पूर्वार्धासाठी त्यांचे आपल्यावर ऋण आहे.

त्यांच्याकडे १९३०च्या दशकाच्या आरंभी कोवूर थॉमस बेहनन हा त्रावणकोरचा तरुण मानसशास्त्रज्ञ आला. तो अमेरिकेतील येल विद्यापीठाचा विद्यार्थी होता. लोणावळ्यात राहून त्याने आसने आणि प्राणायाम रीतसर शिकून घेतले, आणि नंतर येल येथे स्वतःवरच प्रयोग केले. त्याचे ‘योगा: अ सायंटिफिक इव्हॅल्युएशन’ हे पुस्तक १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील श्वसनाचे आकडे पुढे अनेकांनी उद्धृत केले: उज्जायी करताना ऑक्सिजनचा वापर सुमारे २४.५ टक्क्यांनी वाढतो, भस्त्रिकेत १८.५ टक्क्यांनी, कपालभातीत १२ टक्क्यांनी. ‘कपालभाती’ या शब्दाचा अर्थच मुळी कपाळ, म्हणजे कवटी, उजळवणारी क्रिया. बाहेरून काही न टोचता, केवळ श्वासाच्या झटक्यांनी डोके लख्ख करण्याचा हा उपाय. नावापुरते पाहिले तर आजच्या विद्युत-उपकरणांचा थेट पूर्वज.

पण बेहननने आणखी एक गोष्ट मोजली आणि ती फारशी उद्धृत होत नाही. बेरजा करणे, रंग ओळखून त्याचे नाव सांगणे यांसारख्या साध्या मानसिक कामांच्या चाचण्या त्याने प्राणायामापूर्वी आणि प्राणायामानंतर स्वतःला दिल्या. प्राणायामानंतर कामगिरी सुधारली नाही. ती मंदावली. बुद्धी तल्लख होण्याऐवजी, निदान त्या चाचण्यांपुरती आणि निदान काही काळ, संथ झाली. याच पुस्तकात योगाभ्यासाने भावनिक स्थैर्य येते असे तो अनुकूलपणे नोंदवतो, म्हणजे त्याला योगाविषयी आकस नव्हता. उलट कुवलयानंदांविषयी त्याला आदरच होता. निष्कर्ष गैरसोयीचा होता एवढेच.

प्रयोगाचा विषय एकटा माणूस, आणि तोच प्रयोगकर्ता; आजच्या कसोटीने हा पुरावा तोकडा आहे यात शंका नाही. तरीही मराठीत योगाविषयी जे विपुल लिहिले जाते त्यात ऑक्सिजनची टक्केवारी भेटते आणि या बेरजा भेटत नाहीत, ही निवड बोलकी आहे. मला या निष्कर्षात अपयश दिसत नाही. पतंजलीने योगाची व्याख्या चित्तवृत्तींचा निरोध अशी केली. भराभर बेरीज करणे ही वृत्तीच. ती ओसरली तर शास्त्राच्या दृष्टीने साधना योग्य दिशेने चालली आहे असेच म्हणावे लागेल. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे जे देहभर पसरलेले वर्णन आहे, त्याचा शेवटही मनाच्या लयात होतो, हिशेबाच्या वेगात नव्हे. घोटाळा झाला तो आधुनिक काळात, निरोधाच्या साधनाला कार्यक्षमतेचे साधन म्हणून विकताना. अर्थात हे उत्तर फार सोयीचे होऊ देता कामा नये. चाचणी जिंकली तर विज्ञानाने सिद्ध केले, आणि हरली तर विज्ञानाच्या कक्षेबाहेरचे, असा दुटप्पी व्यवहार आपल्याकडे रुळलेला आहे. बेहननचे मोल हे की त्याने कोणती बुद्धी मोजतो आहोत ते आधी सांगितले आणि आलेला आकडा लपवला नाही.

आता वीज. तिचा पूर्वेतिहास युरोपचा आहे आणि तो वेगाने सांगता येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर कपाळाला विद्युत्-मासा लावण्याचा सल्ला देतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस गाल्व्हानीने बेडकाच्या पायात वीज पाहिली. त्याचा भाचा जोवान्नी आल्दिनी याने १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या माणसाच्या प्रेतावर तिचे जाहीर प्रयोग केले, आणि विषादाच्या रुग्णांच्या डोक्यालाही ती लावून पाहिली. विसाव्या शतकात झटके देऊन उपचार करण्याची पद्धत रूढ झाली (रोम, १९३८). ती सर्वस्वी वेगळी आणि आजाऱ्यांसाठीची. तिच्याशी आजच्या सौम्य प्रवाहाची गल्लत करू नये. १९८५ मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय स्पंदाने टाळूवरूनच मेंदू उद्दीपित करून दाखवला. २००० मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन येथे मिखाएल नित्शे आणि वाल्टर पाउलुस यांनी एक मिलिअँपिअरच्या आसपासचा सरळ प्रवाह काही मिनिटे दिला, तर प्रवाह थांबल्यावरही मेंदूच्या स्नायुचालक भागाची उत्तेजनक्षमता बदललेली राहते, असे दाखवले. तेव्हापासून ‘टीडीसीएस’ या आद्याक्षरांचा बोलबाला सुरू झाला.

साधन अगदीच साधे आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, त्यांत इलेक्ट्रोड, एक बॅटरी, एक ते दोन मिलिअँपिअर, वीस-एक मिनिटे. हा प्रवाह चेतापेशींना स्वतःहून पेटवत नाही. त्यांचा उंबरठा थोडा खाली किंवा वर सरकवतो. म्हणजे तो विचार पुरवत नाही. माणूस त्या वेळी जे करीत असेल त्याला किंचित हातभार लावतो किंवा किंचित अडथळा करतो. त्यातही बराचसा प्रवाह त्वचेतून आणि हाडातूनच वाट काढून निघून जातो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मृतदेहांवर मोजणी करून सुमारे तीन-चतुर्थांश प्रवाह आत पोहोचण्यापूर्वीच क्षीण होतो असे आढळले. टाळू भरणाऱ्या आजीची समजूत आणि प्रयोगशाळेची अडचण एकच आहे: कवटी मध्ये येते.

२००५ मध्ये फेलिपे फ्रेग्नी आणि सहकाऱ्यांनी पंधरा निरोगी व्यक्तींच्या कपाळाच्या डाव्या बाजूला प्रवाह देऊन, समोरून सरकणारी अक्षरे तीन पावले मागेपर्यंत लक्षात ठेवण्याच्या चाचणीत सुधारणा झाल्याचे सांगितले. अशा शोधनिबंधांची मग रांगच लागली. २०१५ मध्ये जॅरेड हॉर्वथ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा निरोगी माणसांत एका बैठकीच्या प्रवाहाचा आकलनावर भरवशाचा परिणाम त्यांना दिसला नाही. त्यांच्या पद्धतीवरही आक्षेप घेतले गेले आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण सुरुवातीचा उत्साह ओसरला. आणि इथे अक्कलकारा परत येतो. प्रवाह सुरू झाला की टाळूला झिणझिण्या येतात, आणि झिणझिण्या आल्या की माणसाला आपले डोके चालू लागल्यासारखे वाटते. म्हणून तुलनेच्या गटातही प्रवाह अर्धा मिनिट चालू करून गुपचूप बंद करावा लागतो, जेणेकरून झिणझिणी सर्वांना सारखी मिळावी. एवढे करूनही कोणाला खरा प्रवाह मिळाला हे काही जणांना ओळखू येते.

यापेक्षा मला २०१३ चा एक निबंध अधिक महत्त्वाचा वाटतो. ऑक्सफर्डमधील तेरेसा युकुलानो आणि रोई कोहेन कादोश यांनी निरोगी प्रौढांना नवी, बनावट अंकचिन्हे शिकवली आणि शिकताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांवर प्रवाह दिला. मागच्या बाजूला, पार्श्वखंडावर, प्रवाह दिलेल्यांचे शिकणे वेगवान झाले. पण शिकलेले सहजगत्या, आपोआप वापरण्याची त्यांची क्षमता घटली. पुढच्या भागावर प्रवाह दिलेल्यांत नेमके उलट घडले: शिकणे मंदावले, सहजता वाढली. एका खणात भर पडली की दुसऱ्यातून काहीतरी निघते. हे वाचताना बेहननच्या बेरजा आठवल्याशिवाय राहत नाहीत. आणि चरकाने धी, धृती, स्मृती वेगळ्या का मोजल्या असतील, तेही. ‘बुद्धी वाढवा’ असे फलक लावणारे सगळे जण, ते तेलवाले असोत, प्राणायामवाले असोत की विजेवाले, हे खण एकत्र करूनच फलक लावू शकतात.

उपचार म्हणून या पद्धतींना वेगळे स्थान आहे, हे स्पष्ट केले पाहिजे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये छिन्नमनस्कतेच्या रुग्णांना ऐकू येणाऱ्या भासांवर या प्रवाहाचे पद्धतशीर संशोधन झाले आहे, आणि नैराश्यावरील चुंबकीय उपचार आज अनेक शहरांत मिळतात. तेथे वैद्य आहे, मात्रा आहे, नोंद आहे. निरोगी माणसाच्या बाबतीत मात्र २०१३ पासून व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांसाठी विजेचे शिरपट्टे बाजारात आले, लोक घरीच बॅटऱ्या जोडू लागले, आणि २०१६ मध्ये या क्षेत्रातील अनेक संशोधकांना जाहीर पत्र लिहून सांगावे लागले की घरगुती प्रयोगांचे दूरगामी परिणाम त्यांनाही ठाऊक नाहीत, आणि एका क्षमतेतील लाभाबरोबर दुसरीत तोटा होऊ शकतो.

सर्वांत अस्वस्थ करणारी दिशा निराळीच आहे. अमेरिकी हवाईदलाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये, रात्रभर जागवलेल्या माणसांचे लक्ष टिकवण्यात हा प्रवाह कॅफिनपेक्षा अधिक वेळ उपयोगी पडतो, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. तासन्‌तास पडद्यावर नजर ठेवायची आणि चूक होऊ द्यायची नाही, असे काम सैन्यात असते. पण फक्त सैन्यातच असते असे नाही. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यात कारखान्यांच्या रात्रपाळ्या चालतात. पहाटे तीन वाजता यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाचे लक्ष ढळले तर बोट जाते. त्याचे लक्ष टिकवणे हे चांगलेच. मात्र ते टिकवण्यासाठी पाळी आखूड करायची, झोप द्यायची, की शिरस्त्राणात दोन स्पंज बसवायचे, हा प्रश्न मेंदूविज्ञानाचा नाही. मेधा मागणारा भक्त स्वतःसाठी लाह्या अर्पण करतो. बेहननने प्राणायाम केला तो स्वतःवर, आणि घट झाली तीही स्वतःच्याच वहीत लिहिली. शिरस्त्राण घालणारा एक आणि घालायला लावणारा दुसरा, अशी वेळ आली तर वाढलेले लक्ष कोणाच्या खात्यात जमा होणार आणि घटलेले जे काही असेल ते कोणाच्या खात्यातून जाणार, हे त्या २०१४ च्या निबंधात नाही; जागवलेली माणसे किती तास चाचणीत टिकली, एवढेच त्यात मोजलेले आहे.